फ्रान्सची सावड

वर्तमानपत्राच्या परराष्ट्र डेस्कवर मी एकतीस वर्षे काम केले. त्या काळात ‘युरोपीय एकीकरण’ हे दोन शब्द किती वेळा लिहिले याची मोजदाद नाही. एजन्सीच्या इंग्रजी मजकुरात एक ठरावीक शब्द यायचा, त्याला आमच्याकडे ठरावीक प्रतिशब्द होता आणि तो कधी कोणी बदलला नाही. लातूरला असताना तक्रार आली नाही, पुण्याला असताना आली नाही. निवृत्तीनंतर कर्नाटकातल्या भालकीला राहायला आलो आणि तोच शब्द एका फ्लेक्सवर दिला. चोवीस तासांत तक्रार आली. एक नव्हे, दोन. आणि दोन्ही एकमेकींच्या उलट.

फ्लेक्स माझ्या कामाचा नव्हता. तो एका मुलीच्या व्याख्यानाचा होता. ती खटकचिंचोळीच्या अलीकडच्या एका गावातली, कलबुरगीला राज्यशास्त्र शिकत होती. तिचा विषय फ्रान्स आणि युरोप. नेमके सांगायचे तर, ज्या देशाने युरोपला एकत्र आणायची कल्पना मांडली, तोच देश दर काही वर्षांनी त्या कल्पनेला आडवा का जातो, हा तिचा प्रश्न. माझ्याकडे जुन्या कात्रणांच्या तीन पेट्या आहेत हे तिला कोणीतरी सांगितले, आणि वर्षभर दर रविवारी ती बसने येऊन त्यातली फ्रान्सची कात्रणे वाचत बसायची. प्रश्न कमी विचारायची. विचारला की मला पेटी उघडावी लागायची.

त्या ऑक्टोबरात ती एका फ्रेंच विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करत होती. पुस्तकी परीक्षा झाली होती. शेवटची अट वेगळी होती. उमेदवाराने आपला विषय आपल्या गावात, आपल्या भाषेत, या विषयाशी संबंध नसलेल्या किमान तीस माणसांसमोर मांडायचा. श्रोत्यांचे प्रश्न घ्यायचे. आणि सगळ्याचे एकसलग, कुठेही न कापलेले चित्रीकरण पाठवायचे. मुदत एकतीस ऑक्टोबर. व्याख्यान तिने एकोणतीसला ठेवले. दोन दिवस हाताशी, तेवढेच. पुढच्या वर्षी तिचे वय मर्यादेबाहेर जाणार होते.

जागेसाठी तिने गावालगतच्या रस्त्यावरचा एक कल्याण मंटप ठरवला. आपल्याकडचे मंगल कार्यालय. मालक कन्नड बोलणारे, मराठी आमच्याइतकेच सफाईने बोलणारे, सगळे त्यांना अण्णा म्हणत. लग्नसराई नव्हती, हॉल रिकामाच होता. ‘‘पोरगी शिकायली, तिला खुर्च्या कामून नको म्हणू,’’ म्हणून त्यांनी लगेच होकार दिला होता.

फ्लेक्सचा मजकूर मी लिहून दिला. वर कन्नड, खाली मराठी, इथल्या रिवाजाप्रमाणे. ‘फ्रान्स आणि युरोपचे एकीकरण.’ कन्नडमध्येही शब्द तोच, लिपी फक्त वेगळी. छापणाऱ्याने आपली अक्कल वापरली. ‘फ्रान्स आणि युरोपचे’ बारीक काळ्या अक्षरांत एका ओळीत बसवले आणि ‘एकीकरण’ हा शब्द दोन्ही लिप्यांत फूटभर उंच, लाल रंगात काढला. मी नंतर विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘‘सर, फाट्यावर लावायचाय. गाडीवरून जाता जाता वाचाय आलं पायजे की ओ.’’

वाचता आले. सीमाभागाबाहेरच्या वाचकासाठी एवढे सांगायला हवे की इथे हा शब्द रिकामा नाही. हैदराबादचे जुने राज्य मोडले तेव्हा हे तालुके कर्नाटकात आले. तेव्हापासून मराठीत ‘एकीकरण’ म्हणजे महाराष्ट्रात जाणे. आणि कन्नडमध्ये ‘एकीकरण’ म्हणजे कर्नाटक एक झाले ते. त्याचा उत्सव एक नोव्हेंबरला असतो. फ्लेक्स लागला चोवीस ऑक्टोबरला. माझ्या हातून गेलेल्या चुकांमध्ये ही सर्वांत अचूक वेळेवर केलेली चूक असावी.

पंचवीस तारखेला सकाळी अण्णांचा मला फोन आला. आवाज शांत होता.

‘‘सर, सकाळपासून दोन फोन आलेत. एकजण विचारायलाय, ठराव मांडणार हाव का. दुसरा विचारायलाय, राज्योत्सवाचं आवंदा लवकर कामून, अन् झेंडा आम्ही आणावा का तुम्ही. दोघंबी माणसं घेऊन येणार म्हणायलेत.’’

‘‘फ्रान्सबद्दल कोणी विचारलं?’’

‘‘फ्रान्स कुणाला दिसलाच न्हाई. तुम्ही तो लय बारीक काढलाव.’’

दहा वाजता मी मंटपात पोहोचलो. मुलगी आधीच आली होती. तिचे वडील तिला मोटारसायकलवर घेऊन आले होते. ते मला पहिल्यांदाच भेटत होते. तीन एकरांचे शेतकरी, घर विहारामागच्या गल्लीत. नमस्कार, ‘जय भीम’ झाला. खुर्चीवर टेकले आणि पहिले वाक्य म्हणाले ते असे : ‘‘सर, चार वर्षं झाले, ही फ्रान्स फ्रान्स करायली. मला अजून कळंना, तिथलं भांडण काय हाय.’’

मुलगी म्हणाली, ‘‘अप्पा, नंतर.’’

‘‘नंतर, नंतरच म्हणती,’’ ते मला म्हणाले.

अण्णांचे म्हणणे सरळ होते. हॉल देतो. पण तो शब्द काढा. ‘‘दोन्हीकडचे येत्याल. आले की भाषण ऐकत्याल. ऐकलं की दोघांनाबी कळंल, आपलं न्हाई. मग राग कुणावर काढावं? माझ्या खुर्च्यांवर.’’

मुलीने वही उघडली. मी चष्मा पुसला. डेस्कवर अशा वेळी दहा मिनिटांत प्रतिशब्द निघतो. इथे तास गेला.

मी ‘विलीनीकरण’ सुचवले. वडील म्हणाले, ‘‘ते निजामाचं.’’ अण्णांनी भर घातली की त्याचा कार्यक्रम सप्टेंबरात असतो, तो झालासुद्धा. मी ‘एकत्रीकरण’ म्हणालो. अण्णा म्हणाले, ते जमिनीचे; लोक पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, घेऊन येतील आणि आपला तुकडा कोणत्या गटात गेला ते विचारतील. ‘जोडणी’ म्हटले तर विजेचे मीटर. ‘संघ’ म्हटले तर दूध कुठे घालायचे, असे अण्णांनीच विचारले. शेवटी मी जरा आवाज चढवून ‘ऐक्य’ म्हणालो. हा शब्द कोणाच्या वाटेत येणार नाही अशी माझी खात्री होती.

वडील हसले. ‘‘ऐक्य नको सर. आमच्यात दर निवडणुकीला ऐक्य होतंय. दुसऱ्या दिवशी दोनाचे चार गट.’’

अण्णांनी हात जोडले. ‘‘आमच्यात माणूस गेला की ऐक्य झाला म्हणतेत. फ्लेक्सवर लिवलाव तर लोक हार घेऊन येत्याल.’’

मुलगी तोंडावर ओढणी धरून हसत होती, आणि त्याच वेळी तिचा पाय खुर्चीखाली हलत होता. चार दिवस राहिले होते.

मग वडिलांनी खुर्ची पुढे ओढली. ‘‘शब्द ऱ्हाऊ दे. तू मला सांग, ते करत्यात काय नेमकं?’’

तिने सांगितले. मी तिचे टिपण वाचले होते, पण हे टिपणात नव्हते. फ्रान्स आणि जर्मनी, बांधाला बांध लागून. सत्तर वर्षांत तीन लढाया, शेवटच्या दोन्हींत सगळी दुनिया ओढली गेली. लढाईला लागतो कोळसा आणि पोलाद. तर फ्रान्स म्हणाला, दोघांचा कोळसा, दोघांचे पोलाद एका ठिकाणी आणू, दोघांवर एकच पंचमंडळ बसवू. अजून कोणाला यायचे असेल त्यांनी यावे. चार देश आले. एकूण सहा.

‘‘माल एकाचाच होतो का?’’

‘‘न्हाई. ज्याचा त्याचाच ऱ्हातो. वापर सगळ्यांच्या नियमानं.’’

‘‘म्हंजे सावड,’’ वडील म्हणाले.

अण्णा लगेच म्हणाले, ‘‘आमच्यात मुय्या म्हणतेत.’’

ट्रॅक्टर आले नव्हते तेव्हा एका बैलाची घरे फार होती. एका बैलाने औत चालत नाही. मग दोन घरे आपापला एकेक बैल आणत, जोडी जुंपत आणि पाळीने दोघांची राने करत. बैल ज्याचा त्याचा, चारा ज्याचा त्याचा, औत दोघांचे. ती सावड. मी शेतकऱ्याच्या घरात जन्मलो, हा शब्द मला ठाऊक होता, आणि एकतीस वर्षांत तो एकदाही छापला नव्हता. ‘राख सावडतात’ तो अर्थ कोणी घेईल का, अशी शंका मी काढली. वडील म्हणाले, ‘‘ते सावडणं. ही सावड. शेतकऱ्याला कळतंय.’’

हरकत घेतली ती मुलीने. सावड दोघांची असते, तोंडी असते, मोडली तर कोर्ट नसते. तिकडे करार आहेत, न्यायालय आहे, देशाच्या कायद्यावरचा कायदा आहे. समितीतला एखादा प्राध्यापक म्हणेल, उमेदवाराला विषयच कळला नाही.

‘‘मग तसं सांग की,’’ वडील म्हणाले. ‘‘इथपर्यंत सावड हाय, इथून म्होरं न्हाई. बैल अन् कोळशात फरक हाय एवढं आम्हालाबी कळतंय माय.’’

तिने वहीत काहीतरी लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या. तिने लिहिलेले व्याख्यान त्या क्षणी रद्द झाले, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळले. नवे बोलायला चार दिवस होते. दुपारी दोनला नवा फ्लेक्स छापायला गेला. कन्नडात मुय्या, मराठीत ‘फ्रान्सची सावड’. छापणाऱ्याने विचारले, कोणता शब्द मोठा काढू. मी म्हणालो, सगळे एकाच मापाचे काढ, आणि समोर बसून राहिलो.

एकोणतीसला व्याख्यानाची वेळ दुपारी चारची होती. तिची मैत्रीण मोबाइल तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर लावून उभी होती. चार वाजता मी श्रोते मोजले. एकोणीस. त्यातले पाच तिच्या घरचे. सोयाबीन निघाले होते आणि हरभऱ्याची पेरणी सुरू होती. लोक रानात होते. चार वाजून दहा मिनिटांनी एकवीस. मुलगी व्यासपीठाशी उभी राहून दाराकडे बघत नव्हती; बघायचे नाही असे ठरवले आहे, हे दिसत होते. अण्णा बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

मग एक जीप आली. त्यातून अकरा माणसे उतरली. जुना फ्लेक्स वाचलेली मराठी मंडळी. त्यांच्या मागे पाच मिनिटांत मोटारसायकली आल्या, गळ्यात कन्नड झेंड्याचे लाल-पिवळे पट्टे घातलेली मंडळी. त्यांनीही जुनाच फ्लेक्स वाचला होता. पहिले लोक डावीकडे बसले, दुसरे उजवीकडे, मध्ये रांगेची वाट मोकळी ठेवून. रानातून थेट आलेले आठ-दहा म्हातारे मागे बसले. त्यांना नव्या फ्लेक्सने आणले होते, कारण सावड हा शब्द त्यांनी कित्येक वर्षांत कुठे लिहिलेला पाहिला नव्हता. चार वाजून पंचवीस मिनिटांनी मी पुन्हा मोजले. सत्तावन्न.

तिने चित्रीकरण सुरू करायला सांगितले. आता कापता येणार नव्हते.

ती पहिले वाक्य बोलायच्या आत डावीकडचे एक गृहस्थ उठले. ‘‘ताई, आधी एकीकरण लिवलं तं. मग शब्द कामून बदललाव? कुणी दाबलं का?’’

उजवीकडून कोणीतरी म्हणाले, ‘‘आम्हालाबी तेच विचारायचंय.’’

अण्णांनी खुर्च्यांकडे पाहिले.

‘‘कुणी दाबलं न्हाई काका,’’ ती म्हणाली. ‘‘तो शब्द तुमच्या दोघांचा हाय. मला तो तिसऱ्याच कामाला लागत होता. म्हणून परत केला.’’

डावीकडचे गृहस्थ क्षणभर उभे राहिले आणि बसले. उजवीकडे एकजण हसला. तिने बोलायला सुरुवात केली.

कोळसा आणि पोलाद तिने पाच मिनिटांत संपवले. मग ती म्हणाली, आता फ्रान्सची खोड ऐका. ज्याने सावड काढली त्यानेच पुढे म्हटले, सैन्यसुद्धा एक करू. बाकीच्यांनी मान हलवली, कागद झाले. दोन वर्षांनी फ्रान्सच्याच संसदेने तो कागद बाजूला ठेवला.

‘‘सोताच औत काढलं अन् सोताच मोडलं,’’ मागचा एक म्हातारा म्हणाला. डोक्याला पांढरा पटका, हातात काठी. मुलीच्या गावात त्यांची जमीन सगळ्यांत मोठी, हे मला नंतर कळले.

‘‘व्हय आजोबा. पुढं ऐका. पासष्ट सालची गोष्ट. शेतमालाच्या पैशावरून अन् मतदानावरून वाद झाला. तवापर्यंत एकानं नको म्हटलं की काम थांबायचं. आता बहुमतानं ठरवू म्हणाले. फ्रान्स म्हणाला, माझ्या रानात काय पेरायचं ते दुसरे पाच ठरवणार का? अन् बैठकीला जायचंच बंद केलं. खुर्ची रिकामी. सात महिने.’’

‘‘सात?’’

‘‘सात. आपला बैल सोडून घरी नेऊन बांधला.’’

‘‘अन् बाकीच्या पाचजणांनी काय केलं?’’

‘‘थांबले.’’

‘‘कामून थांबले? पाच बैल हायेत की त्यांच्याकडं.’’

‘‘त्याच्या रानावाचून ते काम चालत न्हवतं. त्यालाबी ठावं होतं, त्यांनाबी ठावं होतं. शेवटी ठरलं, जिथं एखाद्याच्या जिवावरची गोष्ट असंल तिथं समजूत पटस्तोवर बोलायचं. फ्रान्स परत आला.’’

‘‘कासरा मला द्या न्हाई तर बैल सोडतो म्हणला,’’ म्हातारा समाधानाने म्हणाला. ‘‘असे माझे दोन चुलते होते.’’

हॉल हसला. उजवी बाजूही हसली. तिथून पुढे प्रश्न येत गेले तसे मी वहीत लिहीत गेलो आणि मध्येच लिहायचे विसरलो. तिने सावड कुठे बसत नाही तेही सांगितले. सावडीत वर्ष संपले की बैल मोकळा. इथे तसे नाही. इथे कायदा आहे, आणि तो कधी कधी आपल्या कायद्याच्या वर बसतो. फ्रान्सला राग त्याचा येतो, आणि तो कायदा लिहायला सर्वांत पुढे फ्रान्सच असतो. तिथले शेतकरी याच संघाच्या मदतीवर शेती करतात आणि त्याच संघाने दूरच्या देशांशी मालाचा करार केला की ट्रॅक्टर घेऊन रस्ते अडवतात. ‘‘दोन्ही खरं हाय,’’ ती म्हणाली. ‘‘त्यातलं एक खोटं धरलं की फ्रान्स कळत न्हाई.’’

मग ती ब्रिटनवर आली. ब्रिटन आधी सावडीत नव्हता. नंतर आत घ्या म्हणाला. फ्रान्सने एकदा नको म्हटले. चार वर्षांनी ब्रिटनने पुन्हा विचारले, फ्रान्सने पुन्हा नको म्हटले.

भिंतीला टेकून उभे असलेले तिचे वडील बोलले. हात वर केला नाही, पुढे आले नाहीत.

‘‘सावडीत कुणाला घ्यायचं न्हाई हेबी आधीच ठरलेलं ऱ्हातंय. आमच्या गल्लीत आमच्या बापाचा एक बैल होता. गावात एका बैलाची धा घरं. आमच्या बैलासंगं कुणी आपला बैल जुंपत न्हवतं. बैलालाबी जात होती.’’

पुढे काही नाही. चित्रीकरणात ती शांतता अकरा सेकंदांची आहे. मी नंतर घड्याळ लावून पाहिली. मुलीने कागद हातात धरला होता आणि ती वडिलांकडे बघत होती. डेस्कवरचा माणूस म्हणून माझ्या मनात एकच आले : हे कापता येणार नाही.

पटक्याचा म्हातारा काठी धरून उठला. त्याला उठायला वेळ लागला.

‘‘खरं बोलायलाय. एका साली माझा एक बैल पेरणीच्या तोंडावर मेला. दुसरा होता. ह्याच्या बापाचा एक होता. दोघांचं शिवार एकाच वाटंवर. मी रान पड ठेवलं, पन गेलो न्हाई. साल गेलं माझं.’’ थोडे थांबून म्हणाला, ‘‘त्याचंबी गेलं.’’ आणि बसला.

वडिलांनी मान हलवली. होकाराची होती की नुसती ऐकल्याची, सांगता येत नाही. मी तिची नोंद केली एवढेच.

मुलीने कागद खाली ठेवला. ‘‘फ्रान्सची कारणं वेगळी होती,’’ ती म्हणाली, आवाज जरा खाली होता, मग सरळ झाला. ‘‘तुलना मी करणार न्हाई. पन एक गोष्ट तीच. कुणाला बाहेर ठेवलं की आतल्याचंबी रान पड ऱ्हातं. नको म्हणणारा नेता गेल्यावर काही वर्षांनी ब्रिटनला घेतलं. अन् आत्ता आत्ता, सत्तेचाळीस वर्षं आत ऱ्हाऊन, ब्रिटन सोताच सोडून गेला.’’

डावीकडून कोणीतरी म्हणाले, ‘‘मग फ्रान्सला आधीच कळलं तं की.’’

हॉल एकदम मोकळा झाला. म्हाताराही हसला. अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला.

शेवटचा प्रश्न सुरुवातीला उठलेल्या गृहस्थांचाच होता. ‘‘ताई, त्या लोकांना कधी विचारलं का? पाहिजे का नको म्हणून? आम्हाला तर कुणी विचारलं न्हवतं.’’ उजवीकडे चुळबुळ झाली. मी पेन बंद केले.

‘‘विचारलं,’’ ती म्हणाली. ‘‘ब्याण्णव साली विचारलं, जेमतेम हो आलं. दोन हजार पाचला विचारलं, लोक नको म्हणाले, चांगलं ठासून. मग दोन-तीन वर्षांनी बरंचसं तेच, दुसरं नाव देऊन, संसदेतून मंजूर केलं. तवा लोकांना विचारलं न्हाई.’’

गृहस्थ उजवीकडे वळले आणि तिथे बसलेल्यांना उद्देशून म्हणाले, ‘‘ऐकलाव का? तिथंबी तसंच.’’

लाल-पिवळा पट्टा घातलेला एकजण म्हणाला, ‘‘व्हय की. आम्हाला तरी कुठं कोण विचारतंय.’’

मध्ये ठेवलेल्या मोकळ्या वाटेवरून ते बोलले. त्या दुपारी त्या दोन बाजूंत झालेला संवाद एवढाच. त्याला मी याहून मोठे करणार नाही. पण माझ्या आयुष्यात फ्रान्सची बातमी वाचकापर्यंत पोहोचताना मी प्रथमच डोळ्यांनी पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेन ड्राइव्ह घेऊन भालकीला आली. मी माझे मत सांगितले. वडिलांचे बोलणे आणि ती शांतता विषयाबाहेरची आहे, समिती परकी आहे, तिला संदर्भ कळणार नाही. अजून दीड दिवस आहे, तीस माणसे पुन्हा जमवता येतील, पुन्हा चित्रित कर.

‘‘सर, विषय काय हाय माझा?’’ तिने विचारले. ‘‘सोबत यायचं, पण कासरा सोडायचा न्हाई. कुणाला जुंपायचं, कुणाला न्हाई. अप्पा तेच बोलले. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना माझा विषय कळाला, अन् मी तोच काढून टाकू?’’

मी वाद घातला नाही. चित्राखाली बोलण्याचे भाषांतर द्यायचे होते, ते आम्ही मिळून इंग्रजीत केले. ‘सावड’ला प्रतिशब्द शोधत अर्धा तास घालवला आणि शेवटी तो तसाच ठेवला. दुपारी एक वाजता चित्रफीत गेली.

जानेवारीत मुलाखत झाली, पडद्यावर, तीन प्राध्यापक. पहिला प्रश्न होता, सव्विसाव्या मिनिटाला सगळे गप्प का झाले. तिने उत्तर दिले. ते किती वेळ चालले ते तिला सांगता आले नाही. बाकीच्या प्रश्नांना वेळ उरला नाही, एवढे म्हणाली.

मार्चमध्ये निवड झाल्याचा मेल आला तेव्हा मी त्यांच्या खळ्यावर होतो. हरभऱ्याची रास पडली होती आणि राशीखाली पहिला फ्लेक्स अंथरला होता. फूटभर लाल अक्षरांवर हरभरा, कडेला ‘ण’ तेवढा बाहेर. मुलीने मेल वाचून दाखवला, मग मराठीत सांगितला. सप्टेंबरात निघायचे. दोन वर्षे.

वडील सूप खाली ठेवून उभे राहिले. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढला, झटकला, पुन्हा बांधला. मग तिला विचारले, ‘‘म्हंजे आता पहिलं रान कुणाचं?’’

‘‘त्यांचं,’’ ती म्हणाली. ‘‘मग आपलं.’’

‘‘बघ बरं. सात महिने खुर्ची रिकामी ठेवली तर चालंल. त्याच्या वर न्हाई.’’

‘‘अप्पा, दोन वर्षं हायेत.’’

‘‘तेच म्हणायलोय,’’ ते म्हणाले, आणि सूप उचलून वाऱ्याच्या दिशेला वळले.